चाळीसपैकी चाळीस सक्षम

पहिल्या दिवशी चहाच्या आधीच सगळ्यांना एक कागद वाटला गेला. ‘क्षमताधिष्ठित अध्यापनाशी आपण किती परिचित आहात?’ आणि खाली तीन चौकटी: पूर्ण, काही प्रमाणात, अजिबात नाही. लातूर जिल्ह्यातले चाळीस क्रीडाशिक्षक बाकांवर बसले होते. ते कागद ज्या वेगाने परत आले, तो वेग त्यांच्या एकाही धावपटूला जमला नसता. सगळे पूर्ण परिचित. मी नांदेडच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून साधनव्यक्ती म्हणून, म्हणजे शिकवायला, गेलो होतो. हा शब्द मला आजही एखाद्या शेतीच्या अवजारासारखा वाटतो. मला कुणी विचारलं असतं, तर मी मधल्या चौकटीवर खूण केली असती, तीही पेन्सिलीने.

एकच कागद वेगळा निघाला. तिन्ही चौकटी कोऱ्या ठेवून खाली लिहिलं होतं, ‘शब्द ऐकला आहे. काम पाहिलेले नाही.’

प्रशिक्षण ज्या शाळेत होतं तिचे मुख्याध्यापकच संयोजक होते. त्यांनी तो कागद दोन बोटांत धरून वर केला.

“हा कुणाचा?”

मागच्या बाकावरून एक चाळिशीतले गृहस्थ उठले. पांढरा सदरा, उन्हाने रापलेला चेहरा, गळ्यात शिट्टीची दोरी. मुरुडजवळच्या एका गावातल्या शाळेचे क्रीडाशिक्षक. पुढचे पाच दिवस सगळे त्यांना मुरुडकर म्हणत राहिले, मीही तेच म्हणतो.

“सर, अहवाल वर जातो,” संयोजक म्हणाले. “असं लिहून कसं चालेल? खूण करा कुठंतरी.”

“कुठं करू?”

“जिथं सगळ्यांनी केली तिथं.”

“पण सर, मला न्हाई येत ते.”

वर्गात हशा पिकला. संयोजकांनी कागद घडी करून खिशात ठेवला. तो अहवालात गेला नाही, एवढं मला नंतर कळलं.

उद्घाटन दुपारच्या जेवणापर्यंत चाललं. समईची ज्योत पंख्याने विझत होती म्हणून पंखा बंद केला. त्यामुळे पाहुणे घामाघूम झाले आणि तशा अवस्थेत त्यांनी लातूरच्या मातीतून ऑलिंपिकचं सुवर्णपदक काढून दाखवण्याचं वचन दिलं. त्या वेळी लातूरच्या मातीचा एक चौरस फूटही आम्हाला मोकळा मिळत नव्हता. शाळेच्या मैदानावर सायकली उभ्या होत्या. पहाटे एक शिकवणी वर्ग भरायचा, दुपारी दुसरा, संध्याकाळी तिसरा, आणि मधल्या वेळात, जमलंच तर, शाळा. देगलूर, नायगाव, कुठून कुठून पोरं डॉक्टर-इंजिनियर व्हायला आली होती. एकेका खोलीत चार-चार कॉट टाकून राहत होती. मैदानाच्या कडेला शिकवणीचे वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये चालत, आणि पालकांना त्याचं वाईट वाटत नसे. उलट बरं वाटे. भूकंपाला चार-पाच वर्षं झाली होती तरी डोक्यावर स्लॅब असलेल्या खोलीत पोरगं बसवायला माणसं बिचकत होती. पत्रा पडला तर टेंगूळ येतं, एवढाच हिशेब.

मला एका जागी बसवत नाही. भाषणं ऐकताना तर नाहीच. मी दोनदा उठून व्हरांड्यात जाऊन आलो. पायात काही टोचत असल्यासारखं चाललं होतं, आणि ते नुसतं भाषणांमुळे नव्हतं.

भूकंपानंतर दुसऱ्या दिवशी आमच्या महाविद्यालयातली पोरं घेऊन मी तिकडे गेलो होतो. ट्रकमधून. एका घराच्या ढिगाऱ्यातून एक बाई निघाली, जिवंत. पाठीला मार होता. तिला निखळलेल्या दाराच्या फळीवर घेऊन उचलायचं होतं. चार कोपऱ्यांना आमची चार पोरं, चौघांनाही प्रथमोपचाराच्या पेपरात उत्तम गुण. चौघं एकमेकांकडे बघत राहिले. ‘उचला’ कुणी म्हणायचं, हे पेपरात विचारलेलं नव्हतं. मग एकाने आपला कोपरा आधी उचलला. त्या बाईचा आवाज मी इथे लिहीत नाही. एक जवान धावत आला आणि त्याने आमच्या पोरांना बाजूला केलं, शिव्या न देता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मला गुणपत्रिकेवर विश्वास ठेवणं जड जातं. म्हणूनच हा क्षमताधिष्ठित नावाचा लांबलचक शब्द सरकारी कागदांवरून आमच्याकडे आला, तेव्हा मला त्यातली गोष्ट आवडली. शब्द नाही, गोष्ट. ती इतकी साधी होती की तिला एवढं नाव कशाला दिलं हेच कळत नव्हतं. आपल्याकडे पोराला पोहायला शिकवताना पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत सोडतात. भोपळा कधी काढायचा? पोहता यायला लागलं की. पस्तीस टक्के पोहणाऱ्याला कुणी पास करत नाही. येत असेल तर येतं, येत नसेल तर अजून भोपळा. बस, एवढंच. हे मी त्या चाळीस जणांना दुपारी सांगितलं. सगळ्यांनी लिहून घेतलं. एकाने विचारलं, “सर, भोपळ्याला किती गुण?”

मी प्रात्यक्षिकासाठी एकच क्षमता निवडली होती: मुरगळलेला घोटा तपासणं. मैदानावर रोज घडणारी गोष्ट. पोर पडलं की आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. दहा जण धावतात. एक पाणी ओततो, एक बाम चोळतो, एक अंगठा धरून पाय ओढतो, आणि उरलेले म्हणतात, “काही झालं न्हाई, चाल, चालून बघ.” हाड मोडलेलं असलं तरी चालून बघ. मी शिकवत होतो ते असं: घोट्याच्या दोन्ही बाजूंना हाडाचे उंचवटे असतात. त्यांच्या मागच्या कडेवर बोटाने दाबायचं. मांसावर नाही, हाडावर. हाडावर दुखलं, किंवा पायावर भारच देता आला नाही, तर चालवायचं नाही. आधार बांधायचा आणि एक्स-रे काढायला न्यायचं. मोजक्या मिनिटांचं काम. पण बोटाला ती कड सापडायला हवी, आणि ती वाचून सापडत नाही.

दोघादोघांच्या जोड्या केल्या. एकाने खुर्चीवर बसायचं, दुसऱ्याने त्याचा पाय हातात घ्यायचा. आणि इथे सगळं अडलं.

माणूस वयाने, सेवाज्येष्ठतेने लहान असेल तर त्याचा पाय हातात कसा घ्यायचा? आणि मोठा असेल तर पायाला हात लागताच नमस्कार होऊन जातो. हात आपोआप कपाळाकडे जातात. खुर्चीवर बसलेले हात वर करून “आयुष्मान भव” म्हणू लागले.

“पाय धरायची वेळ आणली का सर शेवटी!”

“बदलीच्या वेळी सभापतीचे धरता ना, तसेच धरा.”

“त्यांच्या पायात बूट असतो हो, एवढा वास येत न्हाई.”

शेवटी बऱ्याच जणांनी खुर्चीच्या पायावर प्रात्यक्षिक केलं. सागवानी घोटा. खुर्चीला कुठेही दुखलं नाही, आणि सगळ्यांनी एकमेकांच्या पुढे ‘सक्षम’ लिहिलं.

मुरुडकरांनी खुर्चीलाही हात लावला नाही. भिंतीला टेकून उभे राहिले. सुटी झाल्यावर मी त्यांना गाठलं. गेटाबाहेर टपरीवर चहा घेत त्यांनी सांगितलं ते असं.

त्यांची मुलींची खो-खोची टीम होती. शाळा सुटल्यावर रोज संध्याकाळी तासभर खेळायच्या. आता संस्थेच्या अध्यक्षांना तेच मैदान एका शिकवणीवाल्याला शेड टाकायला द्यायचं होतं. त्यांच्या शाळेचे मुख्याध्यापक मधल्या मध्ये. ते म्हणाले होते, तुम्ही या प्रशिक्षणातून सक्षम असल्याचं प्रमाणपत्र आणा, मग खो-खो हा शाळेचा क्षमताधिष्ठित उपक्रम म्हणून दाखवता येईल, तुमचा तास राहील. नाही आणलं, तर जून महिन्यात शेड.

“मग शिका की,” मी म्हणालो. “अवघड नाही.”

“शिकून काय करू? मी पोरींना शिकवतो सर.” त्यांनी कप खाली ठेवला. “मागं एकीचा पाय मुरगळला. मी धरला, पाणी लावलं, पट्टी बांधली. दुसऱ्या दिशी तिचा बाप आला. भांडला न्हाई. भांडला असता तर मी बी भांडलो असतो. नुसता म्हणला, गुरुजी, उद्यापासून ती येणार न्हाई. तिच्यामागं अजून तिघी गेल्या. लई मुश्किलीनं पुन्हा टीम उभी केली. आता हात लावला तर टीम जाती, न्हाई लावला तर मैदान जातं. तुमच्या त्या कागदावर ह्याला चौकट कुठाय?”

चौकट नव्हती. मी उगाच चप्पल काढून तिचा पट्टा बघत बसलो. पट्टा ठीक होता.

त्या संध्याकाळी मी लॉजवर गेलो नाही. शिकवण्यांनी भरलेल्या उद्योग भवनाकडून निघून गावभर चालत राहिलो. भिंतीभिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, खाली गुण दशांश चिन्हासकट. फोटोतलं एकही पोर हसत नव्हतं. खानावळींतून वरणाचा वास येत होता. भूकंपात तडा गेलेल्या एका इमारतीवर वर्गाची इतकी मोठी पाटी लावली होती की तडा झाकला गेला होता. मी मनात माणसांशी भांडत होतो: संयोजकांशी, त्या बापाशी, स्वतःशी. बाप वाईट नव्हता. गावात पोरीचं नाव चर्चेत येऊ नये म्हणून तो त्याला माहीत असलेली एकच गोष्ट करत होता. आणि माझ्या क्षमतेच्या व्याख्येत ‘शिक्षक स्वतः करून दाखवतो’ असं एक वाक्य होतं. ते मीच लिहिलं होतं, नांदेडला, पंख्याखाली बसून. ते वाक्य ज्याने लिहिलं त्याला गाव माहीत नव्हतं, असं म्हणण्याचीही सोय नव्हती. माझा जन्म गावातलाच.

चालता चालता एवढं लक्षात आलं की पोरीचा पाय वाचणं महत्त्वाचं, हात कुणाचा हे नाही. एका पोरीचा पाय दुसऱ्या पोरीने तपासला तर कुठला बाप येणार आहे? पण त्या दुसरीला शिकवणाऱ्याच्या बोटाला तरी कड ठाऊक हवी. नाहीतर ते पुन्हा पेपरातलं उत्तर.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी मुरुडकरांना एका रिकाम्या वर्गात नेलं. फळ्यावर पहाटेच्या शिकवणीतलं रसायनशास्त्र तसंच होतं. मी बाकावर बसलो, मोजा काढला आणि पाय पुढे केला.

“मी तुमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा आहे. माझ्या पायाला हात लावायला हरकत नाही ना?”

ते खाली बसले. आधी नमस्कार केला, तो मी थांबवू शकलो नाही. मग दाबलं.

“हे मांस आहे.”

पुन्हा दाबलं.

“हा दोर आहे, टाचेचा. पुढे या.”

“हे?”

“हाड आहे, पण पुढचा भाग. मागची कड पाहिजे.”

त्या दिवशी जमलं नाही. तिसऱ्या दिवशीही जमलं नाही. मी कधी खोटंच “दुखतंय” म्हणत होतो, कधी गप्प राहत होतो, आणि ते माझ्या तोंडाकडे बघून अंदाज बांधायला लागले तेव्हा मी तोंडावर वर्तमानपत्र धरलं. दारातून जाणाऱ्या एका सहभागी सरांनी हे दृश्य पाहिलं आणि सगळ्यांना सांगितलं की नांदेडचे साधनव्यक्ती पाय चेपून घेतात. चौथ्या दिवशी मुरुडकरांनी बोट ठेवलं, थोडं मागे सरकवलं, थांबले आणि म्हणाले, “ही.” वर न बघता. दोन्ही पायांना, दोन्ही बाजूंना. आलं होतं. पाठीवरचा भोपळा काढण्यासारखं झालं होतं. मी मोजा चढवला तेव्हा घोटा खरोखरच दुखत होता.

पाचव्या दिवशी समारोपाआधी मी कार्यालयात गेलो. टेबलावर प्रमाणपत्रांचा गठ्ठा तयार होता, माझ्या सहीच्या शिक्क्यासकट. सगळे सक्षम. छपाई पहिल्याच दिवशी झाली होती.

“बाकीच्यांना येत नाही,” मी संयोजकांना म्हणालो. “खुर्च्या तपासल्यात त्यांनी.”

“अहो, पण ते परिचित आहेत,” संयोजक म्हणाले. “फक्त त्या मुरुडच्या सरांचं थांबवलंय आपण. त्यांनी स्वतःच लिहून दिलंय, येत नाही म्हणून.”

म्हणजे ज्याला येत होतं, तेवढ्याचंच अडलं होतं. मी खुर्चीवरून उठलो, बसलो, पुन्हा उठलो. म्हणालो, आत्ता तपासा. तुमच्यासमोर.

पोरीचा पाय पोरीनेच तपासायचा, हे आमचं आदल्या दिवशीच ठरलं होतं, आणि मुरुडकरांनी त्या सकाळच्या एसटीने टीममधल्या दोघींना आणलं होतं, एकीच्या आईसकट. आई दाराशी पदर सावरून उभी राहिली आणि शेवटपर्यंत बसली नाही. एक मुलगी कार्यालयाच्या फरशीवर पाय पसरून बसली. दुसरी, टीमची कर्णधार, तिच्या पायाशी. मुरुडकर चार हात लांब.

“पडलीय ती. पाणी न्हाई, बाम न्हाई. आधी काय?”

“तिला उठवायचं न्हाई,” कर्णधार म्हणाली आणि पाय हातात घेतला.

“आई गं!” फरशीवरची ओरडली.

“अजून दाबलंच न्हाई की! नाटकी.”

“गुदगुल्या व्हायल्यात मला.”

“सर, ही हसालीय. दुखतंय का न्हाई कसं कळावं?”

“तिच्याकडं बघू नको,” मुरुडकर म्हणाले. “बोटाकडं ध्यान दे. मांस सोड. अजून मागं. हाडाची कड लागली?”

मुलीचं बोट सरकलं आणि थांबलं. मी वाकून पाहिलं. बरोबर जागी होतं.

“पण यांनी हात कुठं लावला?” संयोजकांनी विचारलं.

“हात लावायला ती आहे. तिला कुणी शिकवलं?”

“निकषात स्वतः असं लिहिलंय.”

“निकष मी लिहिलाय. ते वाक्य चुकीचं आहे. आता असं वाचा: त्याच्या मैदानावर पडलेल्या पोराचा घोटा योग्य तऱ्हेने तपासला जातो.”

संयोजकांनी घड्याळ पाहिलं. बाहेर हार आणि पाहुणे दोन्ही येऊन थांबले होते. “तुम्ही म्हणता तर द्या बुवा,” ते म्हणाले. “नाहीतरी चाळीसपैकी चाळीस दिसलेलं बरं.” माझ्या साऱ्या युक्तिवादापेक्षा हे शेवटचं वाक्य कामाला आलं. मुरुडकरांचं प्रमाणपत्र कपाटातून निघालं. तेही पहिल्या दिवशीच छापलेलं होतं.

जूनमध्ये शेड उभं राहिलं नाही. पण पावसाळा संपता संपता माझ्याकडे नांदेडला मुरुडकरांचा फोन आला, एसटीडी बूथवरून, घाईघाईत.

“सर, ते सक्षम खोडता येतं का?”

“का हो?”

“जिल्ह्यात सक्षम माणूस म्हणून मलाच बोलवायलेत, बाकीचे सगळे माझंच नाव पुढं करत्यात. आज औसा, उद्या निलंगा. शाल घेऊन घेऊन कपाट भरलं. पोरी संध्याकाळी मैदानावर येत्यात आन् मी न्हाई म्हणून परत जात्यात. मुख्याध्यापक म्हणत्यात, तास वापरात नसला तर कशाला ठेवायचा? अध्यक्षांनी शेडच्या खांबांचे खड्डे खणून बी ठेवले.”

एखाद्याला सक्षम ठरवण्याची पद्धत होती, ते परत घेण्याची नव्हती. दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. बायको म्हणाली, एवढं चालायचंय तर भाजी तरी आणा. तिसऱ्या दिवशी मी मुरुडकरांच्या मुख्याध्यापकांना फोन केला आणि आयुष्यभर ज्या गोष्टींची मी टिंगल केली त्याच त्यांना सुचवल्या. तुमच्या सरांना बाहेर पाठवू नका, बाहेरच्यांना तुमच्याकडे बोलवा. प्रशिक्षण केंद्र म्हणा. पाटी लावा. कुणाच्या तरी हस्ते उद्घाटन करा. अध्यक्षांनाच अध्यक्ष करा.

त्यांना ते तत्काळ पटलं. अशा गोष्टी पटायला वेळ लागत नाही.

मी उद्घाटनाला गेलो. मैदानाच्या एका कडेला मंडप, खांबांचे खड्डे बुजवून त्यावर खुर्च्या. संस्थेच्या अध्यक्षांनी फीत कापली आणि माइकवरून सांगून टाकलं की हे मैदान यापुढे क्रीडेसाठीच राहील. माइकवर बोललेलं परत घेणं त्यांच्यासारख्याला अवघड होतं, हे त्यांच्या दुसऱ्या क्षणी पडलेल्या चेहऱ्यावरून दिसलं. मला बरं वाटायला हवं होतं. पण ऊन उतरायला लागलं होतं आणि मुली ओढण्या कमरेला बांधून मैदानाच्या टोकाला उभ्या होत्या, आणि माझ्यानंतर अजून तीन वक्ते होते. मुरुडकर व्यासपीठावर माझ्या शेजारी, गळ्यात हार, मांडीवर शाल. ते सारखे पश्चिमेकडे बघत होते.

दुसरा वक्ता ग्रामीण भागातल्या सुप्त गुणांवर बोलत असताना मुलींनी वाट पाहणं सोडलं. लांबच्या टोकाला त्या रांगेत बसल्या आणि ‘खो’ ऐकू आला. मग दुसरा. मग एकामागून एक, वक्त्याच्या प्रत्येक वाक्याच्या मधोमध. अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि मुरुडकरांकडे वाकून म्हणाले, “गुरुजी, त्यांना जरा गप्प करून या.”

“हाव,” मुरुडकर म्हणाले. हार काढून खुर्चीवर ठेवला, शाल त्यावर ठेवली आणि व्यासपीठाच्या मागून खाली उतरले. थोड्या वेळाने शिट्टी वाजली. आवाज कमी झाला नाही.

आभारप्रदर्शन झालं तेव्हाही त्यांची खुर्ची रिकामीच होती.